शिलाई मशीन आणि दोन पैठण्या

आमचा साखरपुडा झाला त्या वर्षी नांदूरघाटात दिवाळीपासूनच पाण्याचा टँकर सुरू झाला होता. माझं मन मात्र साड्यांच्या दुकानात होतं. शिलाई मशीन घेते असं सांगून मी बचत गटातून वीस हजार उचलले आणि दोन पैठण्या, पैंजण अन् होणाऱ्या नवऱ्यासाठी घड्याळ घेतलं. त्यांच्यासमोर आपण कमी पडू नये, एवढंच डोक्यात.

ते एका सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. दर रविवारी नव्या मोटारसायकलवर यायचे, हातात काहीतरी असायचंच. उसाअभावी कारखाना लवकर बंद झाला, पगार थांबला. भेटवस्तू थांबल्या नाहीत.

एका बैठकीत गटाच्या अध्यक्ष काकूंनी विचारलं, "मशीन कुठंय गं?"

"यायचीय अजून," मी म्हणाले. घरी येऊन रडले.

पुढच्या रविवारी केजच्या बसस्टँडवर चहा पिताना त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, मोडलंच आता लग्न. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ही गाडी हप्त्यावरची हाय. तीन हप्ते थकलेत. तुला दिलेला मोबाईलबी पतसंस्थेच्या कर्जातला."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

"तू कावून न्हाई सांगितलं?"

लाज वाटत होती, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला ते जवळचे वाटले.

त्यांनी गाडी विकली. मी बैठकीत उभी राहून खरं सांगितलं. काकू लई बोलल्या, शेवटी म्हणाल्या, "माझ्या मशीनवर ये. शिवून फेड." एक पैठणी निम्म्या किमतीत मावसबहिणीला दिली. लग्न वर्षभर पुढं ढकललं. सासरे चिडले, "लोक काय म्हणतील?"

"लोक हप्ते भरणार हायत का, आबा?" त्यांच्या लेकानंच विचारलं. आबा आठ दिवस बोलले नाहीत.

पाचशेच्या वरचं काही घ्यायचं तर एकमेकांना विचारायचं, असं ठरलं होतं. एकदा त्यांचा फोन आला, "बूट फाटलेत. घेऊ का?"

"शिवून घ्या."

"तीनदा शिवलेत."

"मंग घ्या," म्हणताना मला हसू आवरेना.

पुढच्या उन्हाळ्यात मारुतीच्या देवळापुढं साधंच लग्न लागलं. गटाचं कर्ज फिटलं होतं; पतसंस्थेचे चार हप्ते बाकी होते, आणि त्यांच्या तारखा दोघांनाही तोंडपाठ होत्या.