तोंडावर ओढलेलं दुपटं

रत्नागिरीच्या इस्पितळातल्या आयाबाईंनी माझ्या मुलीला पहिलं दूध पाजलं. इथे मस्कतच्या मेसमध्ये दूध उतू गेल्याचा वास आला की त्याच आठवतात. मुलगी जन्मली ती दुभंगलेला ओठ आणि फाटलेली टाळू घेऊन. तिला अंगावर ओढता येईना, चमच्यानं पाजलं तर दूध नाकातून यायचं. "ग्रहणात विळीवर बसली होती ही, आता भोगा," माझी आई सुनेकडे बघून म्हणाली. बायको भिंतीकडे तोंड करून रडत होती. पाहुणे भेटायला येताना दिसले तसं मी मुलीच्या तोंडावर दुपटं ओढलं. आयाबाईंनी ते बाजूला केलं. "तू बापूस ना रे हिचा? मग झाकतोस काय? आणि आजीबाई, विळीचं मागाहून बघा, पोर उपाशी आहे." डॉक्टरांना विचारून त्यांनी घरचं चोचीचं बोंडलं उकळून आणलं, मुलीला उभी धरली आणि थेंब थेंब सोडत तासभर पाजलं. ती गिळत गिळत झोपली. मी दाराशी मान खाली घालून उभा. आता ओठ शिवलाय, टाळूचं ऑपरेशन राहिलंय. फोनवर ती "बाबा" म्हणते ते नाकातून येतं. आयाबाईंना मूलबाळ नाही. त्यांचे हात थकतील तेव्हा इथली नोकरी सोडून जाईन, आणि त्यांना मी भरवीन.