सासूबाई परत जातील हे सिद्ध करा

"सात माणसं?" डॅरेननं विचारलं.

माझा फॉर्म त्यानं दोन बोटांत धरला होता. डॅरेन हा लंडनजवळच्या वॉटफर्डमधला लेटिंग एजंट, म्हणजे घरमालक आणि भाडेकरू यांच्या मधला माणूस. वय सव्वीस-सत्तावीस, टाय सैल आणि हसू कायम तयार. त्या सोमवारी मात्र हसू नव्हतं.

"दोन बेडरूमचं घर आहे, मिस्टर बी. सात माणसं कुठे झोपणार?"

माझं आडनाव बोम्मावार. डॅरेननं पहिल्याच भेटीत ते एका अक्षरावर आणून ठेवलं होतं.

"सात नाहीत. तीनच आहेत," मी म्हणालो.

"तुम्हीच लिहिलंय."

मीच लिहिलं होतं, हे खरं. फॉर्मवर प्रश्न होता, 'या घरात राहणाऱ्या सर्व व्यक्तींची नावं लिहा.' मी नागपूरच्या शाळेत सोळा वर्षं गणित शिकवलेला माणूस. 'सर्व' म्हटल्यावर सर्व. मी, बायको मंजू, मुलगी केतकी. इथल्या उन्हाळ्यात सासूबाई येणार. दिवाळीला माझी बहीण आणि मेव्हणे येणार. पुतण्या प्रसाद एमएस्सीसाठी मँचेस्टरला होता, तो शनिवार-रविवार येणार. आपल्याकडे घर बघताना 'पाहुणे कुठे झोपतील' हेच आधी बघतात. पाहुणा म्हणजे घरात राहणारा नव्हे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"मालकांना छोटं कुटुंब हवंय," डॅरेन म्हणाला. "शिवाय मागच्या तीन वर्षांचा इथला पत्ता नाही. बँक अकाउंट नाही."

"बँक म्हणते आधी घराचा पत्ता आणा."

"हो, असंच असतं ते," तो सहानुभूतीनं म्हणाला आणि फॉर्म डावीकडच्या ट्रेमध्ये ठेवला. उजवीकडच्या ट्रेमध्ये एकच फॉर्म होता. "एक जोडपं आहे. मूल नाही. गुरुवारी संध्याकाळी मालक ठरवणार."

हे दोन हजार सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतलं. इंग्लंडच्या शाळांत गणिताच्या शिक्षकांचा तुटवडा होता आणि भारतातून भरती चालू होती. मी बेचाळिसाव्या वर्षी मुलाखतीला गेलो, ते इंग्रजी सुधारावं म्हणून. त्यांनी नोकरीच दिली. जुलैत एकटा आलो. एका घरात वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. सप्टेंबरात मंजू आणि केतकी आल्या आणि त्या एका खोलीत आम्ही तिघं. खोलीच्या मालकीणबाईंनी महिनाअखेरपर्यंत चालवून घेईन म्हणून सांगितलं होतं.

पण खरी घाई वेगळीच होती. केतकी अकरा वर्षांची. आम्ही उशिरा आलो, त्यामुळे जवळच्या शाळा भरलेल्या. तेवढ्यात एका शाळेत एक जागा निघाली. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बाई फोनवर म्हणाल्या, "शुक्रवारी दुपारी चारपर्यंत टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट दाखवा." टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट म्हणजे भाडेकरार, त्या शाळेच्या टापूतल्या घराचा. "नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल." डॅरेनकडचं घर त्या शाळेपासून चालत सहा मिनिटं. टू-अप टू-डाउन, म्हणजे दोन खोल्या खाली, दोन वर, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेतलं.

मी रोज दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होतो. माझी स्वतःची मुलगी दिवसभर खोलीत बसून टीव्हीवर लिलाव बघत होती. कुठल्या जुन्या किटलीला काय किंमत येईल हे तिला अचूक सांगता यायला लागलं होतं.

संध्याकाळी मंजूला सांगितलं.

"काहून लिहिलं तुम्ही आईचं नाव?"

"प्रश्न तसा होता."

"प्रश्न कसाही असू दे! सोळा वर्षं पोरांना सांगत आले ना तुम्ही, जेवढं विचारलं तेवढंच लिहा म्हणून? बाप्पा, मेव्हण्यांचं पण नाव लिहिलं! त्यांनी तर अजून पासपोर्टही काढला नाही."



मंगळवारी शाळेत दुसरा फटका बसला. आमच्या गणित विभागाच्या प्रमुख मिसेस बार्लो माझे तपासलेले पेपर चाळत होत्या. जेड नावाच्या मुलीचा पेपर त्यांनी बाजूला काढला.

"हिला या गणितात शून्य का?"

"उत्तर चुकलंय."

"पद्धत बरोबर आहे. शेवटच्या ओळीत वजाबाकी चुकलीय. चारपैकी तीन मार्क तिचे आहेत."

इथे त्याला मेथड मार्क म्हणतात. उत्तर चुकलं तरी योग्य पायऱ्यांचे मार्क मिळतात. तसं आपल्या बोर्डातही पायऱ्यांना मार्क असतात, पण माझा लौकिक असा होता की मी ते देत नसे. नागपुरात मुलं मला 'भोपळे सर' म्हणायची. भाजीवाल्यालाही ते माहीत होतं.

"तुम्ही फक्त शेवटची ओळ वाचलीत," मिसेस बार्लो म्हणाल्या. "तिचं वर्किंग वाचलं नाही."

मी जेडला तीन मार्क दिले. लाल पेन बंद करता करता डोक्यात आलं की डॅरेननंही तेच केलंय. त्यानं फक्त शेवटची ओळ वाचलीय: सात. वर्किंग त्याला दाखवलंच नाही कोणी. दाखवणार कसं? फॉर्मवर तेवढी जागाच नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही कपडे धुवायला लॉन्ड्रेटमध्ये गेलो. तिथे मशीनमध्ये नाणी टाकायची आणि बाकावर बसून आपलेच कपडे गोल फिरताना बघायचे. मी बॅगेतून आलेखाचा कागद काढला आणि इंग्रजीत, पण पक्क्या मराठी शाळेच्या पद्धतीनं, प्रमेय लिहायला घेतलं.

पक्ष: दोन बेडरूमचं घर. तीन माणसांचं कुटुंब. सात नावांचा फॉर्म.

साध्य: एरवी घरात तीनच माणसं असतील आणि कधीही पाचपेक्षा जास्त नसतील.

रचना: वर्षाचे बारा महिने आडव्या रेषेवर मांडले. प्रत्येक पाहुण्याची एक रेघ काढली.

सिद्धता:

पायरी एक. बहीण आणि मेव्हणे दिवाळीत दहा दिवस. मेव्हण्यांना रजा तेवढीच आहे, म्हणून ते परत जातील.

पायरी दोन. पुतण्या फक्त शनिवार-रविवार. दिवाळीत तो येणार नाही, कारण त्याची आत्या त्याला मार्क विचारते.

पायरी तीन. माझी बहीण आणि माझ्या सासूबाई एकाच वेळी एका छपराखाली राहत नाहीत. हे स्वयंसिद्ध आहे, सिद्धतेची गरज नाही.

पायरी चार. सासूबाई उन्हाळ्यात येतील आणि परत जातील.

म्हणून, एका वेळी जास्तीत जास्त पाच. हेच सिद्ध करायचे होते.

मंजूनं खांद्यावरून वाचलं. "तिसरी पायरी काढा."

"ती सगळ्यात भक्कम आहे."

"भक्कम आहे म्हणूनच काढा. घरातलं चव्हाट्यावर मांडता का?"

केतकी म्हणाली, "बाबा, राहू दे. छान आहे." दोन विरुद्ध एक झालं, पायरी राहिली.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी तो कागद डॅरेनला दिला. त्यानं वाचला. मग उभं राहून शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मोठ्यांदा वाचून दाखवला. स्वयंसिद्धापाशी दोघं इतके हसले की मला वाटलं, गेलं घर.

"मिस्टर बी," डोळे पुसत तो म्हणाला, "असला रेफरन्स मी उभ्या जन्मात पाहिला नाही. घरमालक मिस्टर विल्किन्सना देतो. पण सांगतो, म्हातारा अवघड आहे. चाळीस वर्षं छापखान्यात तपासनीस होता. छापून आलेल्या प्रत्येक कागदात चूक शोधणं हेच काम."

गुरुवारी मधल्या सुट्टीत डॅरेनचा फोन आला. "कागद परत आलाय. या बघायला."

"काय म्हणाले?"

"बघाच तुम्ही."

शाळा सुटल्याबरोबर धावत गेलो. कागदावर पेन्सिलीनं बारीक बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या. पायरी एक, बरोबर. दोन, बरोबर. तिसऱ्या पायरीला दोन बरोबरच्या खुणा. चौथ्या पायरीभोवती गोल, आणि समासात सुबक अक्षरात लिहिलेलं, 'गृहीत धरले आहे. सिद्ध केलेले नाही. सासूबाई परत का जातील?'

उभ्या आयुष्यात माझ्या कागदावर असा शेरा कोणी मारला नव्हता. आणि शेरा योग्य होता, हे जास्त लागलं.

"पाच वाजता त्या भाड्याच्या घरीच बोलावलंय त्यांनी," डॅरेन म्हणाला. "सगळ्यांना."

आम्ही पावणेपाचलाच दारात. भुरभुर पाऊस चालू होता. डॅरेन आधीच आत होता. मिस्टर विल्किन्स स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. उंच, वाळकुडे, कानावर पेन्सिल. आम्ही सवयीनं चपला-बूट बाहेर काढून आत आलो. त्यांनी आमच्या मोज्यांकडे पाहिलं.

"चौथी पायरी," ते म्हणाले.

मी तयारी करून गेलो होतो. "व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचाच मिळतो, सर."

"म्हणजे सहा महिने राहतील."

"राहू शकतात. राहतीलच असं नाही."

"मग सिद्ध झालं नाही."

वर्गात मी ज्या आवाजात मुलांना खाली बसवतो, तोच आवाज. डॅरेननं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं. उद्या चार वाजता कौन्सिल. केतकीनं माझी बाही धरली होती.

तेव्हा मंजू बोलली. इथे आल्यापासून ती इंग्रजी बोलायला बिचकायची. त्या दिवशी बिचकली नाही.

"माझी आई कुरडया करते."

"काय करते?"

मंजूनं सांगितलं. गहू तीन दिवस भिजवायचे. वाटून त्याचा चीक काढायचा. तो शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यात घालून गच्चीवर त्याची गोल गोल जाळी पाडायची आणि नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात कडक वाळवायची. मग वर्षभर तळून खायच्या. सगळ्या गल्लीला आईच्याच कुरडया लागतात. शेजारणीच्या हाती ती त्या सोपवणार नाही. नवऱ्याच्या हाती तर नाहीच.

"म्हणून ती कुरडया आटोपून जूनमध्ये येईल," मंजू म्हणाली, "आणि पुढच्या कुरडयांच्या आत परत जाईलच. नाहीतर मी तिला पाठवेन."

मिस्टर विल्किन्सनी पेन्सिल कानावरून काढली. "पण इथेच का नाही करणार? मागे अंगण आहे."

मंजूनं खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर अंगणात पाऊस पडत होता. कुंपणाच्या फळ्या हिरव्या पडल्या होत्या. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून थेंब ओघळत होते.

मिस्टर विल्किन्सनी मान वळवून बाहेर पाहिलं.

"ऊन किती दिवस लागतं?" त्यांनी विचारलं.

"तीन दिवस. सलग."

"सलग!" ते म्हणाले आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा मी कोणा इंग्रज म्हाताऱ्याला पोट धरून हसताना पाहिलं. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि चौथ्या पायरीला बरोबरची खूण केली.

"डॅरेन, अ‍ॅग्रीमेंट."

"ते दुसरं जोडपं, मिस्टर विल्किन्स..."

"त्यांनी वर्किंग दाखवलं नाही."

शुक्रवारी दुपारी सव्वा वाजता मी कौन्सिलच्या खिडकीशी होतो. मिसेस बार्लोंनी माझा तास स्वतः घेतला होता. पलीकडच्या बाईंनी करार उलटसुलट पाहिला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "सोमवारी पाठवा तिला." मी त्यांना इतक्या वेळा थँक्यू म्हटलं की मागचा माणूस खाकरला. सोमवारी सकाळी केतकी नव्या गणवेशात सहा मिनिटं चालत शाळेत गेली. त्या सहा मिनिटांच्या रस्त्यावर मी छाती काढून असा चाललो, की जणू केंब्रिजहून गणितात रँग्लर होऊन परतलोय. फाटकापाशी ती म्हणाली, "बाबा, आता तुम्ही जा ना."

सासूबाई ठरल्याप्रमाणे जूनमध्ये आल्या. मिस्टर विल्किन्ससाठी डबाभर कुरडया आणल्या. दोन महिने रोज सकाळी आकाशाकडे बघून "हे काय ऊन आहे?" म्हणाल्या आणि ऑगस्टमध्ये परत गेल्या. प्रमेय सिद्ध.

राहिला प्रसाद. शनिवार-रविवार येणारा. त्याला एमएस्सी झाल्यावर वॉटफर्डमध्येच नोकरी लागली. "काका, खोली मिळेपर्यंत दोन आठवडे," म्हणून जो आला, तो आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर आठ महिने होता. मिस्टर विल्किन्स बॉयलर बघायला आले, तेव्हा हा सोफ्यावर घोरत होता. फ्रिजवर तो आलेखाचा कागद आम्ही लावून ठेवला होताच. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, दुसऱ्या पायरीवरची बरोबरची खूण खोडली आणि त्यापुढे लिहिलं, 'तपासताना माझी चूक झाली.'

मी घर रिकामं करू का विचारलं. ते म्हणाले, "चारपैकी तीन मार्क तुमचे आहेत."

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. फॉर्मवर जागा नसली तरी वेगळा कागद जोडतो. आणि ज्या पायरीवर सगळे बोट ठेवतात ती सोडून आधी शेजारची तपासतो. सासूबाईंवर सगळ्यांचंच लक्ष असतं. पुतण्याकडे कोणी बघत नाही.