ट्रॅक्टरवाल्याचा हात

पालीहून सकाळी निघालो. गाडीवर 'एल'ची लाल पाटी, स्टिअरिंगवर मी आणि शेजारी मामा, एक हात कायम हँडब्रेकवर ठेवून. केजच्या शाळेत मला नोकरी लागली आहे. पण मी ऑटिस्टिक. बसमधली गर्दी, धक्के, वास मला अजिबात सोसत नाहीत. गाडी चालवता आली नाही तर नोकरी सोडावी लागणार होती.

घाट मी मजेत चढले. वळणं मला आवडतात. पाटीवर डावीकडे दाखवलं की रस्ता डावीकडेच जातो. मांजरसुंब्याला रबडी घेतली. सायीचा स्पर्श मला चालत नाही, म्हणून माझी वाटीही मामांनीच संपवली.

नेकनूरच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला. दोन ट्रॉल्या, आणि गाणी एवढी मोठ्यानं की माझे दात झिणझिणले. ड्रायव्हरनं हात बाहेर काढून हलवला.

"थांब म्हणतोय की ये?" मी विचारलं.

"आगं, समजून घ्यायचं आसतंय!" मामा म्हणाले.

जन्मभर हेच ऐकत आलेय! लोक हात हलवतात, भुवया उडवतात आणि समजून मी घ्यायचं. मला भयंकर राग आला. मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला, तरी मी ट्रॅक्टरमागेच राहिले.

चहाच्या टपरीशी तो थांबला, तशी मीही थांबले आणि सरळ विचारलं, "दादा, तुमच्या हाताचा अर्थ काय?"

"कावून वो ताई, काय झालं?"

"मला खुणा कळत नाहीत. शब्द कळतात."

"मंग त्यात काय! हात मागून पुढं फिरला की या. तळवा खाली करून हालवला की ऱ्हावा मागं. लई सोपं हाय."

"आमी तर आजवर कळो न कळो, घुसतच आलो," मामा म्हणाले.

पुन्हा ट्रॅक्टर पुढे, मी मागे. तळवा खाली आला, मी थांबले. समोरून एसटी सुसाट गेली. मग हात पुढे फिरला आणि मी दोन्ही ट्रॉल्या ओलांडून आनंदानं किंचाळले.

केजहून परतताना घाटाअलीकडे शेळ्या आडव्या आल्या. मागून जीप येत होती. मी हात बाहेर काढला, तळवा खाली. जीप थांबली! शेळ्या गेल्यावर हात पुढे फिरवला. जीपवाला पुढे जाताना कपाळाशी हात नेऊन गेला.

ही खूण ट्रॅक्टरवाल्या दादांनी सांगितली नव्हती. विचारावं म्हणून मामांकडे पाहिलं, तर ते चक्क घोरत होते. हँडब्रेकवरचा त्यांचा हात मांडीवर निवांत पडला होता. त्याचा अर्थ मात्र मला कुणाला विचारावा लागला नाही.