न पेटणारं तेल

माझा कामातला जोडीदार विचुंबे गावचा. पनवेलजवळच्या कारखान्यात आम्ही दोघांनी बारा वर्षं मशीनदुरुस्ती केली. वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात दाबणाऱ्या मशीनपाशी तो उभा असताना त्यातल्या दाबाच्या तेलाचा पाइप फुटला, फवारा भट्टीवर गेला आणि पेटला. अकरा दिवस तो दवाखान्यात होता. मग गेला.

तेराव्यानंतर साहेबांनी मला बोलावलं. "जुनं तेल काढ, ते पाणी मिसळलेलं नवं भर. ते पेटत नाही. तूच कर, तुला माहितीये."

माहीत होतं. ही दोन तेलं एकत्र चालत नाहीत. जुनं थोडं जरी राहिलं तरी गाळ धरतो, फिल्टर तुंबतात. टाकीच्या आतला रंगसुद्धा नव्या तेलात सुटून येतो. मी टाकीत उतरून रंग खरवडला. पाइप सोडून निथळत ठेवले, सिलिंडर उघडून सील बदलले. थोडं नवं तेल घालून मशीन हळू फिरवलं, ते तेल काढलं. दुधासारखं पांढरट निघालं. परत भरलं, परत काढलं. हात चालत होते. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको दिराला घेऊन आली, लॉकरमधलं सामान न्यायला. चपला, एक शर्ट, डबा. जाताना ती मशीनपाशी थांबली.

"भाऊ, ह्ये तेल पेटत नाय?"

"नाही वहिनी. सहजी नाही पेटत."

"मंग आधी का नाय भरलं?"

वर्षापूर्वी साहेबांनी मला विचारलं होतं, हे तेल भरायचं तर किती दिवस मशीन बंद राहील? मी म्हणालो होतो, पाच. "मग दिवाळीच्या सुट्टीत बघू," ते म्हणाले. दिवाळीत मी सासुरवाडीला गेलो. आल्यावर ना त्यांनी विषय काढला, ना मी.

हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली, आणि दिराला रिक्षा बघायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पूर्ण दाब दिला. कुठेही गळती नव्हती. साहेबांनी पाठीवर थाप मारली. मी नळावर हात धुतले, कॅन्टीनमध्ये बसून दोन चपात्या खाल्ल्या. भाजी कसली होती, सांगता येणार नाही.

घरी बायकोने विचारलं, "झालं का काम?"

"झालं," म्हटलं, आणि आडवा झालो.