तात्यांचा दोस्त देश

आमच्या गावचे म्हातारे कोळी धर्मातात्या नव्या माणसाला नावगाव विचारायचे नाहीत. "दर्यात हाक मारली तं येशील का?" एवढाच सवाल. मी लग्न होऊन घाटावरून मुरुडला आले, तेव्हा मलाही तोच. म्हटलं, "अहो, मला पोहता येत नाही!" तात्या खो-खो हसले. "पवायला कोन सांगतो? वरडून चार मानसं तं जमा करशील!"

एखादी होडी परतली नाही की शेजारच्या गावचे कोळीही हातातलं काम टाकून शोधायला निघतात. तात्यांचा भाऊ तसाच जिवंत सापडला होता. देशादेशांची दोस्तीही अशीच असते, ही त्यांची पक्की समजूत.

म्हणून त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, निलेशला, रशियात हॉटेलच्या कामाला नेतो म्हणणारा एजंट आला, तेव्हा त्यांनी कसलीच शंका घेतली नाही. मी त्यांना माझ्या खानावळीच्या दारातच अडवलं. "तात्या, तिकडं लढाई चाललीय. जाणूनबुजून कशाला आगीत ढकलताय पोराला?"

"रशिया आपला दोस्त हाय गो, माझ्या बापाच्या वक्तापासून. दोस्ताच्या घरात पोराला कोन हात लावील?"

मी चिडून आत गेले. निलेश गेला.

सुरुवातीला त्याचे फोन यायचे. मग एका दुपारी तात्या माझ्याकडे जेवत असताना व्हिडिओ कॉल आला. पोराच्या अंगावर फौजी कपडे, मागे बर्फ, लांब कुठेतरी धाडधाड आवाज. "बाबा, इथं हॉटेल न्हाय," एवढंच तो हळू म्हणाला. कोणीतरी ओरडलं आणि फोन बंद झाला. तात्यांचा घास हातातच राहिला.

तो नंबर परत लागलाच नाही. एजंट तर फोनच उचलेना. तात्या दिल्लीला परराष्ट्र खात्यापर्यंत जाऊन आले. "सायब गोड बोलले गो. दोन्ही देशांचं चांगलं हाय म्हनाले. म्हंजे शोधायला निघाले असतील." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला मात्र संतापाने रडू फुटलं.

पुढे एका सकाळी खानावळीतल्या टीव्हीवर दोन्ही देशांचे पुढारी कडकडून भेटले. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. तात्या उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले, मग माझ्याकडे वळले.

"गळ्यात पडले तवा कानात माझ्या निलेशचं बोलले असतील, व्हय ना गो?"

'नाही' म्हणायला माझी जीभ रेटली नाही. "बोलले असतील," म्हटलं.

त्याच आशेवर तात्यांनी डोळे मिटले. निलेशचा नंबर मी अजून लावून बघते. लागत नाही.