ओठ न लागलेले कागद

अमडापूरच्या दवाखान्यातले कंपाउंडर औषधाच्या पुड्या दोन रंगांत बांधायचे, सकाळची पांढऱ्या कागदात, रात्रीची लाल. आईला वाचता येत नव्हतं, रंग कळायचे. "पोरी, रिकामे कागद आणशीन, तवाच पुढच्या पुड्या देईन," असं ते मला दर आठवड्याला बजावायचे.

एकदा आईने कडू म्हणून औषध घेतलंच नाही. बोलणी बसू नयेत म्हणून मी सगळी पूड चुलीत टाकली आणि कागद नेऊन दिले. त्यांनी एकेक कागद उजेडात धरला. आई पुडी ओठांना लावून रिकामी करायची, त्यामुळे कागदाची कड सुरकुतलेली असायची. आज सगळ्या कडा कोऱ्या होत्या.

ते रागावले नाहीत. संध्याकाळी घरी आले आणि आईपुढे पाण्याचा पेला धरला. "माय, माह्यासमोर घे."

ती बरी होईपर्यंत ते रोज आले. माझ्याकडे मात्र त्यांनी पुन्हा कधी कागद मागितले नाहीत.