शेजारच्या खाटेवरचा माणूस

नाना गेल्याचा फोन त्यांच्या बायकोने, अक्कांनी स्वतःच केला. "भाऊ, जेवायला उठवायला गेले, तर..." एवढंच बोलल्या. रडल्या नाहीत. पिंप्राळ्यात पोचलो तेव्हा अंगणात मोजकीच माणसं होती. एकेकाळी आमच्या जिनिंग मिलमध्ये कापसाची गाडी लागली की नाना आधी गाडीवानाच्या गावची खबर विचारायचे, मग कापूस बघायचे. अशा माणसाच्या दारात एवढी शांतता...

कोरोनात त्यांना धुळ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवर धरणगावचे एक शेतकरी होते. ते गेले, नाना घरी आले. पुढे त्या शेतकऱ्याची बायको पत्ता शोधत आली. तिला नवऱ्याचं तोंडसुद्धा बघू दिलं नव्हतं.

"शेवटले काय बोलनात हो ते?"

नाना म्हणाले, "तुमचंच नाव घेतलं, ताई. शांतपणे गेले."

मग दर दिवाळीला ती फराळ घेऊन यायची आणि तेच पुन्हा ऐकून जायची. खरं काय ते नानांनी मला एकट्याला सांगितलं होतं. "तो पाणी मागत होता रे, किती तरी वेळ. नर्सला हाक मारायची तर तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढावा लागला असता. मी नाही काढला. मला जगायचं होतं."

एका दिवाळीला तिच्याबरोबर तिचा मुलगा आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, एवढं ऐकू येत होतं, तर कोणाला बोलावलं का नाही?"

नानांना खोटं रेटता आलं नाही. सांगून टाकलं. मुलाने शिवी दिली नाही. फराळाचा डबा उचलून पिशवीत घातला, आईला उठवलं. बाईने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर नाना ओट्यावर बसले नाहीत. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. नातेवाईक म्हणायचे, "एवढी माणसं मेली, तुम्ही वाचलात. मग रडता कशाला?" आमच्या शेवटच्या भेटीत मी तब्येत विचारली, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मला काय झालंय? वाचलोय ना मी..."

परवा अक्कांकडे गेलो. नानांची खाट तशीच आहे, तिच्यावर कोणी बसत नाही. मीही खाली सतरंजीवर बसलो. अक्कांनी चहा दिला.

"झोपेत ओरडायचे हो. 'सिस्टर, सिस्टर...' एक रात्र सुटली नाही." उठून त्यांनी खाटेवरची चादर सारखी केली. मग हळूच म्हणाल्या, "खोटं काबर बोलू, भाऊ... आते माले झोप लागस."